डबा गप्प का बसला

१

विमानाच्या चाकाला चादर अडकून येणं कंपनीच्या नियमावलीत कुठेच बसत नव्हतं. पक्षी आपटला तर काय करायचं, टायर फुटला तर काय करायचं, एका प्रवाशाने दुसऱ्याचा चावा घेतला तर काय करायचं, या सगळ्याला कलम होतं. चादरीला नव्हतं. त्यामुळे चाकापुढे लाकडी ठोकळे लावायला वाकलेल्या माणसाला ती दिसली, तेव्हा आधी ओरडायचं की आधी घडी घालायची याचा त्याने थोडा विचार केला, आणि मग दोन्ही केलं.

चादर डबल बेडची होती, पांढऱ्यावर निळी फुलं, अजून थोडी दमट. एका कोपऱ्याला प्लास्टिकचा चिमटा तसाच होता. म्हणजे ती कुठेतरी वाळत होती. आणि वाळत घातलेली चादर विमानाकडे येत नाही, विमानालाच तिच्याकडे जावं लागतं.

प्रवाशांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ढगातून उतरताना विमान एकदम नाक वर करून उसळलं, चहा सांडले, एका आजोबांची कवळी पुढच्या सीटखाली गेली. मग विमानाने एक चक्कर मारली आणि दुसऱ्या वेळी अगदी अलगद टेकलं. उतरताना सगळ्यांनी हसून आभार मानले. आजोबांनी कवळी सापडल्यावर मानले.

पण खरी गोष्ट चादरीची नव्हतीच. प्रत्येक विमानात एक डबा असतो. विमान जमिनीच्या नको तितकं जवळ जाऊ लागलं की तो खणखणीत आवाजात ओरडतो, "टेरेन, टेरेन! पुल अप!" म्हणजे जमीन आली, वर घ्या. एरवी त्याला दुसरं काम नाही. आणि चाक चादरीत अडकेपर्यंत त्या डब्याने तोंड उघडलं नव्हतं.

डब्याचं तोंड बंद करायचं बटण मात्र सहवैमानिकाच्या हाताशी होतं.

२

कंपनीत सुरक्षेचं खातं आत्यांकडे होतं. त्या तिथे कोणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. तरुणपणी त्या कंट्रोल टॉवरमध्ये असत आणि आकाशातल्या माणसाला 'डावीकडे वळ' असं अशा सुरात सांगत, की तो आधी वळे आणि मग विचार करी. नाव तेव्हापासूनचं. त्यांच्या यजमानांच्या मते टॉवर सुटला, सूर सुटला नाही.

मुख्य कचेरीतून त्या पोचल्या आणि पाठोपाठ मालकांचा फोन आला.

"आत्या, शुक्रवारी चौकशी समिती बसतेय. मला फक्त बोट कोणाचं ते सांगा."

"बोट होतं हे कशावरून?"

"डबा गप्प होता ना?"

"आमचे यजमानही गप्प असतात. दर वेळी कोणी बटण दाबलेलं असतं असं नाही."

मालकांना विनोद आवडत, पण समिती झाल्यावर. त्यांच्या लेखी निकाल लागलेलाच होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्या दिवशी सकाळी हेच विमान आधी दुसऱ्या एका विमानतळावर उतरलं होतं. तो इतका नवा, की डब्याच्या पोटातल्या नकाशात त्याची धावपट्टी अजून आलेली नव्हती. डब्याला वाटे, ही माणसं विमान घेऊन रानात चालली आहेत, आणि तो दर वेळी बोंब ठोके. म्हणून तिथे उतरताना बटण दाबून त्याला गप्प करायचं आणि पुन्हा उडालं की बटण सोडायचं, अशी कंपनीचीच पद्धत होती. दाबायचं सहवैमानिकाने, सोडायचंही सहवैमानिकाने. ती मुलगी बटण सोडायला विसरली, डबा गप्प राहिला, संपलं. तिचं लायसन्स जाणार हे कँटीनमधल्या टेबलांनासुद्धा माहीत झालं होतं.

सहवैमानिक होती कॅप्टनची सख्खी पुतणी. तिने बँकेत लागावं असं वडिलांना वाटे, कारण बँक जमिनीवर असते. काकांनी भावाशी भांडून तिला विमान शिकायला पाठवलं होतं. आत्या भेटायला गेल्या तेव्हा ती वैमानिकांच्या खोलीत आपला लॉकर रिकामा करत होती.

"इतक्यात?" आत्यांनी विचारलं.

"नंतर सगळ्यांसमोर करण्यापेक्षा बरं."

"सकाळी उडाल्यावर बटण सोडलं होतंस?"

"हो. पिवळा दिवा विझला. मी पाहिला."

"नंतर कोणी पुन्हा दाबलं?"

हातातला चपलांचा जोड तिने पिशवीत ठेवला, परत काढला, परत ठेवला. "आठवत नाही."

"विझलेला दिवा आठवतो आणि हे नाही आठवत?"

"नाही आठवत, आत्या."

"बरं. पुढे?"

"पुढे ढगच ढग. मग एकदम भोक पडल्यासारखं झालं आणि खाली गच्ची दिसली. पाण्याची टाकी, दोरी, कपडे. पलीकडे एक रस्ता, सरळच्या सरळ. मी दांडा ओढला."

"विमान कोण चालवत होतं?"

"काका." ती खाली बघत म्हणाली. "कॅप्टनच्या हातातून विमान काढून घ्यायचं म्हणजे आधी तोंडाने सांगावं लागतं. मी नाही सांगितलं. तेही लावतील माझ्यावर."

कॅप्टन घरी होते, आणि युनिफॉर्मच्या शर्टाला इस्त्री करत होते. उड्डाणं बंद झालेल्या माणसाला युनिफॉर्म कशाला हवा, हे आत्यांनी विचारलं नाही.

"ढगातून उतरायचं म्हणजे जिना असतो," कॅप्टन म्हणाले. "इथपर्यंत ही उंची, मग पुढे त्याखालची. मी एक पायरी आधीच पाय टाकला. चूक माझी. लिहून घ्या."

"घेतली. आणि बटण?"

"तेही मीच दाबलं. सवयीने."

"कधी?"

"आपलं असंच. वाटेत."

"तुमच्या जागेवरून हात पोचतो तिथवर?"

"ताणला की पोचतो."

"उतरताना डब्याच्या पडद्यावर काय दिसत होतं?"

"डावीकडचा डोंगर पिवळा, नेहमीसारखा. समोर काळं. काळं म्हणजे मोकळं. म्हणून तर मी निर्धास्त होतो."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आत्या, त्यांना म्हणावं, एका वेळी एकच काय ते करा. इस्त्री तरी करा नाहीतर खोटं तरी बोला." खोलीत जळकट वास सुटला होता आणि शर्टाच्या बाहीवर इस्त्रीचा पूर्ण आकार उमटला होता.

आत्या जिना उतरून रस्त्यावर आल्या. पुतणी विसरल्याचं नाटक करत होती आणि काका आठवल्याचं. दोघांपैकी एकालाही नाटक येत नव्हतं.

३

विमानातली विजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या इंजिनियरला सगळे शंकासुर म्हणत. त्याच्यासमोर घड्याळात वेळ बघितली तरी तो 'कशावरून?' विचारी. त्याने डबा विमानातून काढून वर्कशॉपच्या टेबलावर तारांना जोडून ठेवला होता. डबा चपलांच्या खोक्याएवढा होता आणि अत्यंत निरागस दिसत होता.

"सगळ्या तपासण्या केल्या," शंकासुर म्हणाला. "ठणठणीत आहे. मला स्वतःला हे पटत नाहीये, पण आहे."

"हा जमीन ओळखतो कशी?"

"खाली किती उंची आहे ते याला कळतं. आपण कुठे आहोत तेही कळतं. आणि पोटात नकाशा आहे: डोंगर, दऱ्या, धावपट्ट्या, सगळं. समोर जमीन आली की पडद्यावर रंगवून दाखवतो. फारच जवळ आली की ओरडतो."

"मग विमान उतरताना का नाही ओरडत? तेव्हा तर जमिनीवरच जायचं असतं."

"तेच तर. चाकं बाहेर आहेत आणि जवळ धावपट्टी आहे असं दिसलं की तो समजतो, ही माणसं उतरताहेत. मग तो ओरडत नाही. धावपट्टीच्या आसपासची सखल जमीन पडद्यावरही रंगवत नाही, नाहीतर दर वेळी सगळा पडदा रंगीबेरंगी व्हायचा."

"चाकं बाहेर होती?"

"होती. पण धावपट्टी कुठे जवळ होती? आपला विमानतळ पठाराच्या पार पलीकडे, खाली सपाटीवर. ही मंडळी अजून पठारावरच होती."

आत्यांनी टेबलावरचा एक स्क्रू उचलला आणि जागच्या जागी ठेवला. शंकासुराने तो पुन्हा मूळ जागी ठेवला.

"आणि ते बटण दाबलं की काय होतं?"

"नकाशाचं सगळं काम थांबतं. ओरडणं बंद, पडद्यावरचं चित्रही बंद. पिवळा दिवा लागतो."

"चित्रही बंद? डोंगरसुद्धा दिसत नाही?"

"डोंगर काय, टेकाड दिसत नाही. का?"

आत्यांनी लिहून घेतलेला कॅप्टनचा जबाब काढला.

"कॅप्टनला डावीकडचा डोंगर पिवळा दिसत होता," त्या म्हणाल्या. "आपण बटण दाबलं असं सांगता सांगता त्यांनीच ते सांगितलं."

शंकासुर आयुष्यात पहिल्यांदा 'कशावरून' म्हणाला नाही.

"म्हणजे बटण कोणीच दाबलेलं नव्हतं," आत्या म्हणाल्या. "डबा जागा होता. डोळे उघडे ठेवून समोर बघत होता. आणि तरीही त्याला समोर काही वावगं दिसलं नाही."

४

चादरीचं घर शोधायला फार फिरावं लागलं नाही. पठारावरच्या वसाहतीतल्या एका वहिनींनी आपली चादर विमानाने नेली अशी तक्रार पोलीस चौकीत केली होती. चौकीने ती लिहून घेतली नव्हती, कारण चोराचं वर्णन 'पांढरा, दोन पंखे, आवाज फार' असं होतं.

"सेटमधली होती हो," वहिनी आत्यांना गच्चीवर घेऊन जात म्हणाल्या. "आता उशांचे अभ्रे तेवढे उरलेत. विमानवाल्यांना अभ्रेही पाठवून देऊ का?"

"चादर परत मिळेल. ग्रीस लागलंय थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे अभ्र्यांनाही लावलंत तर सेट पूर्ण होईल."

वहिनी हसल्या आणि त्यांनी टाकीवरची दोरी दाखवली. टाकी उंच लोखंडी खांबांवर होती. तिच्या कठड्याला दोरी बांधून त्या मोठे कपडे वाळत घालत, कारण वर वारा चांगला. आता दोरीचं एक टोक मोकळंच लोंबत होतं. आत्यांनी ते हातात धरलं. विमान अजून थोडंसं खाली असतं, तर ही टाकी राहिली नसती, आणि विमानही.

मग त्यांनी गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे पाहिलं.

वसाहत साधीच होती, घरं दाटीवाटीची, गल्ल्या वाकड्यातिकड्या. पण मधोमध एक रस्ता होता. रुंद म्हणजे किती? त्याच्या एका कडेला पोरं क्रिकेट खेळत होती, दुसऱ्या कडेला मोटार शिकवणाऱ्याची गाडी आठचा आकडा काढत होती, आणि मधून बस जात होती. तिघांना एकमेकांची काही अडचण नव्हती. रस्ता कुठेही न वळता वसाहतीच्या टोकापर्यंत गेला होता आणि तिथे कारण नसताना संपला होता.

"मोठा रस्ता आहे," आत्या म्हणाल्या.

"आमचा अभिमान आहे तो! बघा, आम्ही राहायला आल्यापासून एकदाही डांबर घातलेलं नाही. आणि एक खड्डा दाखवा."

"खड्डा नाही?"

"नाही. पाहुणे खास बघायला येतात."

आत्यांनी गावात शिरल्यापासून जितके रस्ते पाहिले होते, त्यांत रस्त्यापेक्षा खड्डेच जुने वाटत होते. आणि इथे मात्र एकही नाही. जगात रस्ते बांधणारी माणसं सगळीकडे सारखीच असतात, असा त्यांचा अनुभव होता. मग हा बांधला कोणी? बसच्या वजनासाठी इतका जाड रस्ता कोणी बांधत नाही. शेकडो वेळा कितीतरी टन वजन वरून येऊन आदळणार असेल, तर बांधतात.

"वहिनी," आत्यांनी विचारलं, "ही वसाहत व्हायच्या आधी इथे काय होतं?"

वहिनींनी खांदे उडवले. "काही नव्हतं म्हणतात. मोकळं मैदान. विमानतळाचे मॅनेजरसाहेब जुने आहेत, त्यांना ठाऊक असेल."

५

मॅनेजरसाहेबांची खोली स्वच्छ होती, आणि साहेब त्याहून. त्यांना कोणी कधी खोटं बोलताना पाहिलेलं नव्हतं. ते विचारल्याशिवाय खरंही बोलत नसत.

"पठारावर जुना विमानतळ होता का?" आत्यांनी विचारलं.

"होता. मी तिथेच लागलो नोकरीला. फार ढग बसायचे, म्हणून बंद करून इथे खाली आणला. चांगली धावपट्टी होती हो," साहेब जरा हळवे झाले.

"हे चौकशीत तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. सगळे बटणाबद्दल विचारत होते. बटणाबद्दल मला माहिती नाही, तसं मी सांगितलं."

"डब्यातला नकाशा बनवणारी जी कचेरी आहे, ती तुम्हाला काही विचारते का?"

"दर वर्षी फोन करतात. नियमित. फार चांगली माणसं आहेत."

"काय विचारतात?"

"तुमच्याकडे यंदा काही बदल आहे का."

"आणि तुम्ही?"

"बदल काही नसतो. नाही म्हणून सांगतो."

"ज्या वर्षी जुना विमानतळ बंद झाला, त्या वर्षी?"

"त्या वर्षी होता ना बदल! ते म्हणाले, नकाशात काही नवीन घालायचंय का? मी म्हटलं, एक धावपट्टी घाला. त्यांनी घातली."

"आणि जुनी?"

साहेबांनी समोरचा पेन सरळ केला. "जुनी काढायची का, असं त्यांनी विचारलं नाही."

"तुम्हीही सांगितलं नाहीत."

"बाई, मी तेव्हा नव्या विमानतळाचा मॅनेजर झालो होतो. जुन्याबद्दल बोलायचा अधिकार जुन्याच्या मॅनेजरचा."

"तो कोण होता?"

"मीच. पण माझी बदली झाली होती."

साहेबांनी पेन पुन्हा सरळ केला, तो आधीच सरळ होता. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला; पहिल्यांदाच त्यांनी कोणी न विचारलेला प्रश्न स्वतःला विचारला असावा.

"म्हणजे तो डबा," ते सावकाश म्हणाले, "त्या दिवशी असं समजला, की..."

"की ही माणसं तुमच्या जुन्या विमानतळावर उतरताहेत," आत्या म्हणाल्या. "फोन उचला. आणि त्यांनी विचारायची वाट बघू नका."

६

शुक्रवारी समिती मालकांच्या कचेरीत बसली नाही. आत्यांनी तिला वर्कशॉपमध्ये उभं केलं. मालक, काका, पुतणी आणि समितीचे कोट घातलेले तिघे टेबलाभोवती दाटीने उभे होते. मॅनेजरसाहेबांना बोलावलं नव्हतं, ते स्वतःहून आले होते आणि दाराशी उभे होते.

"बटण दाबलेलं नाही," शंकासुराने दाखवलं. "दिवा विझलेला. आता याला त्या दिवशीची उंची, तोच वेग, चाकं बाहेर, आणि पठारावरची तीच जागा देतो."

पडद्यावर डावीकडे पिवळा डोंगर उमटला. समोर काळं. उंचीचे आकडे घसरत गेले. सगळे डब्याकडे बघत होते. डबा सगळ्यांकडे बघत होता. आकडे टाकीच्या उंचीला येऊन पोचले, तरी त्याने हूं की चूं केलं नाही.

"याच्या नकाशात समोर धावपट्टी आहे," आत्या म्हणाल्या. "ती धावपट्टी आता वसाहतीतला मोठा रस्ता आहे. या बिचाऱ्याने आपलं काम चोख केलं. सकाळचा विमानतळ जमिनीवर होता, पण याच्या नकाशात नव्हता, म्हणून हा ओरडला असता. दुपारचा याच्या नकाशात होता, पण जमिनीवर नव्हता, म्हणून गप्प बसला."

"कशावरून?" कोटवाल्यांपैकी एकाने विचारलं. शंकासुराने त्याच्याकडे भाऊ भेटल्यासारखं पाहिलं.

"आता तीच उंची, तोच वेग. फक्त जागा जरा बाजूला सरकवतो, जुन्या धावपट्टीपासून लांब," तो म्हणाला.

आकडे पुन्हा घसरू लागले. ते अर्ध्यावरही आले नव्हते, तोच डबा खणखणीत आवाजात ओरडला, "टेरेन! टेरेन! पुल अप!" मालक दचकून मागे सरले आणि समितीच्या पायावर उभे राहिले.

पुतणी डब्याकडे बघत होती. तिने डोळे पुसले नाहीत, पण मान दुसरीकडे वळवली.

"मग दोष कोणाचा लिहायचा?" मालकांनी विचारलं.

"पायरीचा माझा," कॅप्टन लगेच म्हणाले.

"नकाशाचा माझा," दारातून मॅनेजरसाहेब म्हणाले. कोणी विचारलेलं नव्हतं. "काल फोन केला. जुनी काढताहेत. तुमच्या सकाळच्या विमानतळाचंही विचारलं, तो घालताहेत."

कॅप्टनना काही महिने जमिनीवर बसून पुन्हा शिकायचं होतं. ते त्यांनी निमूट मान्य केलं. पुतणीवर काहीच राहिलं नाही. दांडा न सांगता ओढल्याबद्दल कोटवाल्यांपैकी एक काहीतरी म्हणणार होता, पण आत्यांनी त्याच्याकडे टॉवरच्या नजरेने पाहिलं आणि तो डावीकडे वळला.

सगळे पांगल्यावर काका आणि पुतणी वर्कशॉपबाहेरच्या बाकावर बसले. समोर विमान उभं होतं.

"काका, बटण तुम्ही दाबलंत असं का सांगितलंत?"

"तुझं लायसन्स वाचावं म्हणून."

"म्हणजे मी विसरले असं तुम्हाला वाटलं."

"हो. पडद्यावर डोंगर दिसत होता, याचा अर्थ तेव्हा ध्यानातच आला नाही." काका बाकावर जरा सरकले. मग म्हणाले, "आणि तुला 'आठवत नाही' ते?"

"मला वाटलं, तुम्हीच सवयीने दाबलं असेल."

दोघंही विमानाकडे बघू लागले. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"उद्या कोणाबरोबर आहेस?" काकांनी विचारलं.

"त्या नव्या कॅप्टनबरोबर. कडक आहेत म्हणतात. काका, समजा उद्या पुन्हा तसंच काही झालं, आणि डबा गप्प असला, आणि मी चुकत असले, तर?"

"त्या दिवशी माझ्या हातातून दांडा ओढलास, तेव्हा मी तुझा काका आहे, कॅप्टन आहे, मीच तुला शिकवलंय, यातलं काही मनात आलं होतं?"

"नाही."

काका उठले. "उद्याही आणू नकोस," ते म्हणाले, आणि तिची लॉकरची पिशवी स्वतः उचलून परत आत घेऊन गेले.